पत्रिकांची फरशी

घरातल्या माझ्या छोट्या रेल्वे स्टेशनच्या फलाटावरची एक फरशी आज निघाली. फेव्हिकॉल उघडला आणि त्या वासासरशी श्रीरामपूरच्या घरातली एक दुपार आठवली.

तुकडे उडू नयेत म्हणून पंखा बंद होता. घामेजलेली सुमन, माझी बायको, जुन्या लग्नपत्रिका कापून मला फलाटासाठी फरशा करून देत होती. मी त्या राखाडी रंगवून चिकटवत होतो. गणपतीचं चित्र असलेला तुकडा तिनं बाजूला ठेवला.

“ह्याच्यावर पाय पडतील लोकांचे.”

“अगं, खेळण्यातलं स्टेशन हाय. इथं कोण येतंय?”

“येईल की कुणीतरी.”

तेव्हा मी हसलो होतो. आता सुमन नाही.

निघालेली फरशी उलटून पाहिली. मागं छापलेलं होतं, ‘अगत्य यावे’.

ती अक्षरं वर ठेवूनच मी फरशी चिकटवली.