डाव्या बाजूला फुगलेली टोपी

मी तिसगावात अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवलं. अंगात येणं, दृष्ट लागणं, स्वप्नात कुणी येऊन सांगणं... असलं काही निघालं की मी सरळ विषय बदलायचे. आमच्या चर्चमध्येही माझी ओळख ‘शंकेखोर बाई’ अशीच. तरी हे लिहितेय, कारण डोक्यातून जात नाही.

आमच्या चर्चचं महिला मंडळ दर नाताळला खलाशांसाठी लोकरीच्या टोप्या-मोजे विणतं. पाथर्डी तालुक्यात समुद्र कुठून आला, असं विचाराल — तर माझा मावसभाऊ शमुवेल मुंबईकडच्या एका बंदरावर पाळक, म्हणजे पाद्री आहे. बोटीबोटीवर जाऊन खलाशांना भेटणं हेच त्याचं काम. तिथून थंड मुलखात जाणारी, महिनोन्‌महिने घर न पाहिलेली, वरच्यांच्या शिव्या खाणारी ही माणसं; नाताळला त्यांची आठवण कोण ठेवतं? आलेल्या वस्तू तपासून खोक्यात भरायचं काम माझं. एक टाका सुटलेला दिसला तरी मी परत पाठवते. त्यामुळे सगळ्या माझ्यावर खार खाऊन असतात, ते सोडा.

गेल्या वर्षी नोव्हेंबरअखेर रूथमावशीनं टोपी आणून दिली. मावशी पंच्याहत्तरीची, जन्मभर शेतात राबलेली, पण मंडळात तिच्यासारखा हात कुणाचा नाही. आणि टोपी ही एवढी मोठी! कपाळपट्टी पुढे धरली, तर वर डाव्या बाजूला फुगलेली.

“मावशी, हे टोपडं कुणाचं? भोपळ्याचं?”

“ऱ्हाऊ दे बाई तशीच. उसवून इनली तर त्याला लहान व्हईल.”

“कुणाला?”

“मला काय ठाव? हाताला जसं आलं तसं इनलं.”

मी उसवायलाच बसले होते. खरंच — धाग्याचं टोकसुद्धा सापडलं होतं. तेवढ्यात पार्सल नेणारा टेम्पो दाराशी येऊन हॉर्न बडवू लागला आणि मी वैतागून टोपी तशीच खोक्यात कोंबली.

चोवीस डिसेंबरला दुपारी मी करंज्या तळत होते. शमुवेलचा फोन आला.

“अक्का, ती मोठी टोपी कुणी विणली?”

त्या सकाळी तो एका मालवाहू बोटीवर गेला होता. जेवणाच्या खोलीत सगळ्यांना टोप्या वाटल्या, तळाशी ही एक उरली. गंमत म्हणून त्यानं स्वतः घातली, तर ती नाकापर्यंत आली. “एवढं मोठं डोकं कुणाचं आहे रे तुमच्यात?” त्यानं विचारलं. कुणीच हसलं नाही. मग एका म्हाताऱ्या खलाशानं त्याच्या डोक्यावरून टोपी काढून घेतली आणि जिना उतरू लागला. शमुवेल मागोमाग.

खाली एका बंद खोलीत बोटीवरचा आचारी पडला होता. चार दिवसांपूर्वी एका अधिकाऱ्यानं त्याला लोखंडी दांड्यानं मारलं होतं आणि बाहेर कळू नये म्हणून कोंडून ठेवलं होतं. डोक्याला चादरीच्या चिंध्या बांधलेल्या, डाव्या बाजूला त्यांचा हा जाड थर. म्हाताऱ्यानं टोपी चढवली... बरोब्बर बसली.

शमुवेलनं भांडून त्याला दवाखान्यात हलवलं. अजून एक दिवस गेला असता तर माणूस हाती लागला नसता, असं डॉक्टर म्हणाले. तो वाचला. देवाची स्तुती असो, हे मी मनापासून म्हणते.

पण तारखा बघा. टोपी नोव्हेंबरात विणली, मार त्यानंतर तीन आठवड्यांनी बसला. योगायोग म्हणावा, तर ती डावी बाजू आडवी येते. मावशीला सगळं सांगितलं, तर म्हणाली, “जगला ना? मंग झालं तर,” आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली.

मला मात्र चैन पडत नाही. कारण त्याच्या आदल्या वर्षी मावशीनं हातमोजे दिले होते. उजवा ठीक होता, डाव्याला तीनच बोटं. मी तिला सगळ्यांदेखत बोलले, तो मोजा उसवला आणि नीट पाच बोटांचा विणून पाठवला. उसवलेली लोकर मावशीनं गुंडाळून पिशवीत टाकली.

तो जोड कुणाला मिळाला, हे मी शमुवेलला चारदा विचारलंय. त्याला आठवत नाही. मावशीला हे कसं कळतं, ते आता शोधावंसंही वाटत नाही. पण कुठल्यातरी बोटीवर कुणीतरी त्या नाताळला माझा मोजा हातात घातला असेल... आणि त्या मोज्याची दोन बोटं रिकामीच लोंबत राहिली असतील.