आखाजीचं मूळ

"लेवाले कोन उनं?"

वॉर्डातून घरी निघालेल्या प्रत्येक बाईला अक्का हा प्रश्न विचारायची. न्यायला कोण आलंय? डॉक्टरांनी सुट्टी दिलेली असो, बाईनं गाठोडं बांधलेलं असो, अक्का दारात आडवी उभी. नवरा, भाऊ, दीर, निदान गल्लीतलं कोणीतरी दिसल्याशिवाय ती बाईला पायरी उतरू द्यायची नाही. कोणीच आलेलं नसेल तर डोक्यावरची पांढरी टोपी काढून ठेवायची, मला म्हणायची, "जरा बघ गं इकडे," आणि त्या बाईला स्वतः एस.टी. स्टँडवर नेऊन गाडीत बसवून यायची. मेट्रन तिला फैलावर घ्यायच्या. अक्का सगळं ऐकून घ्यायची आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच करायची.

तुमच्याही पाहण्यात असं एखादं माणूस असेल. एकाच गोष्टीवर हटून बसतं, आणि का ते सांगत नाही.

मी जळगावहून धुळ्याला नर्स म्हणून लागले तेव्हा ऐंशी सालानंतरची सुरुवातीची वर्षं होती. माझं घर मेहरूणला. धुळ्यात ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. अक्का नर्सेसच्या हॉस्टेलमधली सगळ्यांत मोठी, चाळिशीकडे झुकलेली, गाव पिंपळनेरजवळचं. आमच्याशी ती शाळेत शिकवल्यासारखं मराठी बोलायची, पेशंटशी अहिराणी, आणि रागावली की दोन्हींची खिचडी. राग मात्र फार टिकायचा नाही. सकाळी जिला झापलं, तिच्याच ताटात रात्री कळण्याची भाकरी आणि ठेचा यायचा.

तिच्याबद्दलची हकिगत मला सुशीलानं सांगितली. सुशीला पहूरची, माझ्याच वयाची, माझी खोलीसोबतीण. अक्काचं लग्न सोळाव्या वर्षी झालं होतं. नवऱ्यानं दुसरी आणली. अक्का माहेरी आली, तर थोरल्या भावानं तिला त्याच आठवड्यात परत सासरी नेऊन सोडलं. त्या काळी तेच शहाणपण समजलं जायचं. मग ती एक दिवस कोणाला न सांगता धुळ्याला आली, भांडी घासून शिकली आणि नर्स झाली. तेव्हापासून माहेरचं मूळ बंद झालं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्या खानदेशातला लेकीबाळींचा सण. भाऊ बहिणीला न्यायला येतो, त्याला मूळ येणं म्हणतात. मूळ आल्याशिवाय लेकीनं आपण होऊन माहेरी जायचं नसतं, आणि आलेलं मूळ रिकाम्या हातानं परत पाठवायचं नसतं. आखाजी आली की आमच्या हॉस्टेलच्या पायऱ्यांवर भावांची रांग लागायची. टोपीवाले, पँटवाले, सायकलवाले. अक्का सगळ्यांना चहा द्यायची, एकेकाला दम भरायची, "बहीनले उनमा चालाडू नको, भाऊ!" आणि आम्हा सगळ्यांच्या ड्यूट्या स्वतःकडे घ्यायची. आम्ही गेल्यावर ती काय करत असेल, हे मी तेव्हा कधी मनात आणलं नाही. माझाही भाऊ रांगेत असायचा ना.

पुढे इथिओपियात मोठा दुष्काळ पडला. मुंबईची एक संस्था तिथल्या छावणीतल्या दवाखान्यासाठी नर्सेस शोधत होती. पगार नाही, दोन वर्षं राहायचं, जेवणखाण आणि प्रवास त्यांचा. सुशीलानं आधी नाव दिलं, तिच्या पाठोपाठ मी. अक्का म्हणाली, "तुम्हाला दोघींना काय अक्कल आहे? तिकडे तुम्हाला सांभाळायला कोण?" आणि तिसरं नाव तिचं लागलं. माहेरी तिनं कळवलं होतं. उत्तर काही आलं नव्हतं.

विमानाच्या आधी तीन-चार दिवस मुंबईत राहायचं होतं. टोचून घ्यायचं, कागद मिळवायचे, आणि उरलेल्या वेळात मुंबई पाहायची. तिघींपैकी कोणीच मुंबई पाहिलेली नव्हती. भायखळ्याच्या एका बायकांच्या वसतिगृहात आमची सोय होती. अक्कानं तिकडच्यासाठी पांढरे कॅनव्हासचे बूट घेतले होते. नवे बूट परक्या देशात चावायला नकोत म्हणून ती ते मुंबईतच नऊवारीवर घालून हिंडली. लोक बघायचे. अक्का म्हणायची, "बघू दे, त्यांना तरी काय रोज काम असतं?"

दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या बाकावर ती बसली, समोरची दांडी दोन्ही हातांनी धरून, जणू बस तीच हाकत होती. वळण आलं की आधी तीच कलायची. राणीच्या बागेत हत्तीला पाहून म्हणाली, याला इथे आणला कोणी आणि परत न्यायला कोण येणार? मत्स्यालयात एका फुगऱ्या माशासमोर बराच वेळ उभी राहिली आणि तो आमच्या मेट्रनसारखा दिसतो म्हणाली. सुशीला हसता हसता खाली बसली.

सुशीलाच्या आईनं तिला सांगितलं होतं, परदेशी जाण्याआधी चैत्यभूमीला माथा टेकून जा. आम्ही तिघी गेलो. सुशीलानं मेणबत्ती लावली, अक्कानंही लावली. बाहेर आल्यावर समुद्राच्या वाळूत चालताना अक्कानं तिला विचारलं, "निघताना आई काय म्हणाली गं?"

"काय म्हणणार? गळ्यात पडून रडली. बाबा स्टँडपर्यंत आले."

"बरं झालं," अक्का म्हणाली, आणि बुटातली वाळू झटकत मागे राहिली. मला त्या क्षणी तिच्याबद्दल फार वाईट वाटलं. पण अक्काला कोणी कीव केलेली चालत नसे, म्हणून मी पुढे चालत राहिले.

विमानाच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही गेटवेला निघालो होतो. खाली जिन्याशी धोतर-टोपीतला एक माणूस उभा होता. हातात कापडी पिशवी, अंगावर प्रवासाची धूळ. अक्का वरच्या पायरीवर थबकली. तिनं पदर डोक्यावर घेतला. मी तिला डोक्यावर पदर घेताना तोवर पाहिलं नव्हतं.

"नाना? कव्हय उना?"

"आतेच." तो थोरला भाऊ होता. आधी धुळ्याला जाऊन, तिथे पत्ता विचारून तो मुंबईला आला होता. खाली जमिनीकडे बघत म्हणाला, "परवा आखाजी शे, बाई. तुले लेवाले उनू."

 अक्का पायऱ्या उतरून त्याच्या पाया पडली आणि म्हणाली, "चाल, पहिले समिंदर दख."

असे आम्ही चौघं मुंबई पाहायला निघालो. नानांनी गेटवेला वहाणा काढून समुद्राला हात जोडले. हे एवढं बठ्ठं पाणी कोणाच्या कामाला येत नाही हे कळल्यावर त्यांना फार हळहळ वाटली. अक्कानं शेंगा घेतल्या. दोघं कठड्यावर बसले, मी आणि सुशीला शेजारीच. भाऊ-बहीण शेंगा सोलत होते आणि एकमेकांकडे बघत नव्हते. अक्का आता विमान सोडून गावी जाणार, असं मला वाटू लागलं होतं. सोळा-सतरा वर्षांनी मूळ आलेलं. कोणती बाई ते परत पाठवील?

मग अक्कानं विचारलं, "नाना, आईनी धाडं, का तू उना?"

नाना हातातल्या शेंगेकडे बघत राहिले. "आईनी धाडं," ते म्हणाले.

अक्कानं मान हलवली. सोललेले दाणे तिनं त्यांच्या हातावर ठेवले. "मंग आईले सांगजो, दोन वरीसमा येसू."

संध्याकाळच्या गाडीला आम्ही त्यांना बसवून दिलं. मूळ रिकामं जाऊ नये म्हणून अक्कानं त्यांच्या पिशवीत आईसाठी लुगडं, वहिनीला बांगड्या, पोरांना खाऊ, हाताला लागेल ते कोंबलं. पिशवी फुगली. नाना नुसते "जपजो, बाई" म्हणाले. गाडी वळली तरी अक्का तिथेच उभी होती, पायांत ते पांढरे बूट.

विमानात ती माझ्या शेजारी होती. जमीन खाली गेली तेव्हा सुशीलानं डोळे घट्ट मिटले, आणि अक्का खिडकीतून बघत मला हळूच म्हणाली, "नुसतं 'मीच आलो' म्हणाला असता ना, तर मी हे विमान सोडलं असतं. आईचं मला माहीत होतं गं. आई कधी ना कधी विरघळणारच. मला सासरी टाकून आला तो. मला त्याचं यायला हवं होतं."

छावणीबद्दल मी जास्त सांगणार नाही. तिथे तंबूतून निघणाऱ्या बायकांना न्यायला कोणी येण्यासारखं उरलेलंच नसायचं. अक्काला त्यांची भाषा येत नव्हती. ती हाताच्या खुणेनं विचारायची आणि मग त्यांच्याबरोबर पुढच्या तंबूपर्यंत चालत जायची. दुसऱ्या वर्षी पावसाच्या दिवसांत छावणीत तापाची साथ आली. अक्कालाही ताप आला. आम्ही दोघी तिच्याजवळ होतो. शेवटी शेवटी ती सगळं अहिराणीतच बोलत होती. तिथल्याच टेकडीखाली तिला ठेवून आम्ही परत आलो. आणण्यासारखं काही नव्हतं, एक पिशवी सोडून.

ती पिशवी न्यायला नाना धुळ्याला माझ्या क्वार्टरवर आले. नेमकी आखाजी होती. त्यानंतर दर आखाजीला ते येत राहिले. घरचे ज्वारीचे पापड, बिबड्या, आणायचे, ओट्यावर बसायचे, पाणी प्यायचे, उन्हं उतरली की गाडीला जायचे. एकदा आपणहून म्हणाले, "आखाजीले घरमा मन लागस नही." बाकी आम्ही पाऊसपाण्याचं बोलायचो. सुशीला तोवर लग्न होऊन जळगावला गेली होती, त्यामुळे मुंबईतला तो दिवस पाहिलेले तिथे आम्ही दोघंच उरलो होतो.

एका वर्षी ते आले तेव्हा टोपीखाली केस नव्हते. आई गेली होती.  काहीतरी बरं बोलावं म्हणून मी म्हटलं, "आईंची माया मोठी, नाना. एवढ्या वर्षांचा रुसवा होता, तरी त्यांनी तुम्हाला थेट मुंबईपर्यंत धाडलं."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "आईनी कथं धाडं? आई ते नकोच म्हने. 'गयी ती गयी,' म्हने. मी मन्हा मननी उनू व्हतू."

मी हातातला तांब्या खाली ठेवला. "मग तेव्हा आईंचं नाव का घेतलंत?"

"मूळ लेवाले जायेल माणूस आईनंच नाव लेस, माय. रीत शे तशी." ते टोपी काढून हातात फिरवू लागले. "आनि लाज वाटनी. मीच तिले सासरी टाकी येल व्हतू. कोणता तोंडनी सांगू, मी उनू म्हनीसन?"

ओट्यावरचं ऊन सरकत होतं. समोरच्या चिंचेखाली कोणाचा तरी भाऊ बहिणीची ट्रंक सायकलला बांधत होता.

"पन तिले समजनं व्हई," नाना म्हणाले. "भाऊनं मन बहीनले समजस. तू ते तिनाजोडे व्हती. समजनं व्हई ना?"

विमानातलं अक्काचं बोलणं माझ्या अगदी ओठांपाशी आलं होतं. ते मी गिळलं. आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, सुशीलालाही नाही.

"समजलं होतं, नाना," मी म्हटलं. "विमानात मला म्हणाली, माझा भाऊ स्वतः न्यायला आला होता."

"खरं?"

"खरं."

त्यांनी टोपी तोंडाशी धरली आणि ते रडले, मोठ्यानं, रस्त्यावरची माणसं वळून बघतील असे. मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि ते आटून जाईपर्यंत तिथेच उभी राहिले.