चरबीचा काटा

माझ्या धाकट्या जावेला मी जितकं पाण्यात पाहिलं, तितकं उभ्या आयुष्यात कुणाला पाहिलं नसेल. लग्न होऊन आली तेव्हा ती माझ्यापेक्षा जाड होती, तोवर आमचं बरं चाललं होतं. मग धामणकर नाक्याजवळ वजन कमी करायचा क्लब निघाला. रोज सकाळी शेअर रिक्षाने ती तिथे जायची, कसलासा फेसाळ शेक प्यायची, आणि बघता बघता तिचे ब्लाउज आत घ्यावे लागले. त्याच सुमारास मला पेसमेकर बसला. ब्लाउज माझेही बदलले, पण गळे वर आणायला. डाव्या खांद्याखालचा उंचवटा झाकायचा होता.

त्या वर्षीच्या हळदीकुंकवाला जाऊबाईंनी वाण म्हणून डबे-वाट्या न देता चरबी मोजायचा काटाच घरी आणवला. क्लबातली मॅडम तो घेऊन आली. काट्यावर अनवाणी उभं राहायचं, तळपायांतून बारीकसा करंट अंगात फिरतो, आणि चरबी किती, शरीराचं वय किती, ते आकडे दिसतात. अंगावरच्या वजनाने आकडा फुगतो, तरी आमच्या बायका सोनं उतरवायला तयार होईनात. सणाच्या दिवशी गळा मोकळा कोण करणार? हार, पाटल्या, जरीच्या साड्या, सगळ्यासकट त्या काट्यावर चढल्या आणि आकडे बघून किंचाळल्या. जाऊ मात्र सकाळपासून सुती साडीत, गळ्यात नुसतं मंगळसूत्र. मला तेव्हाच शंका आली होती. तिची चरबी सगळ्यांत कमी, शरीराचं वय अठ्ठावीस निघालं. टाळ्या पडल्या. माझा नुसता जळफळाट झाला.

मीही पदर खोचून रांगेत उभी राहिले. एकदाच, फक्त एकदा, मला तिच्याहून कमी आकडा हवा होता. काट्यावर पाय ठेवणार, तोच ती सगळ्यांदेखत ओरडली, “वयनी, नको! तुमच्या छातीत मशीन हाय!”

मॅडमने काटा ओढून घेतला. बायका एकेक करून माझी कीव करू लागल्या. जावेने माझ्या भल्यासाठीच अडवलं हे मला कळत होतं, म्हणून तर तिचा जास्त राग आला.

पेसमेकरच्या तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांना पहिलं हेच विचारलं. करंट फार बारीक असतो, बहुतेक वेळा काही होत नाही, असं ते म्हणाले. पण पेसमेकरला तो चुकून हृदयाचा ठोका वाटला, तर तो आपलं काम थांबवून बसू शकतो. म्हणून घरी किंवा क्लबात अजिबात नको, साधा वजनकाटा वापरा. मी हट्ट सोडला नाही. शेवटी त्यांनी दवाखान्यातल्याच डाएटच्या मॅडमचा काटा आपल्या खोलीत मागवला, माझ्या छातीला वायरी लावल्या आणि पडद्यावर नजर ठेवून मला उभं केलं. आमचे हे माझ्या चपला हातात धरून कोपऱ्यात थांबले होते. ठोक्यांची रेघ जराही चुकली नाही. चरबीचा आकडा जावेपेक्षा कमी आला.

घरी पोचले तर ती तांदळाच्या भाकऱ्या करत होती. पाणीही न पिता मी तिला आकडा सांगितला. तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि विचारलं, “भावजी होते तिथं?”

“होते की. माझ्या चपला छातीशी धरून! त्या रेघेकडं असे बघत होते, जसं काही त्यांचाच जीव चाललाय,” मी हसत म्हणाले.

ती हसली नाही. “मी एवढी बारीक झाले, वयनी. तुमच्या दिराला इचारा, त्यांना म्हाईत तरी हाय का?”

भाकरी करपायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं. मीच ती उलटली. माझ्याकडचं काहीतरी तिला हवं होतं, आणि ते मी तिला चपलांची गंमत म्हणून सांगून बसले होते.