त्या वीराची पोरं कुणी मारली

ही वही माझी आहे. आणखी एक वही होती, ती मी जिथं काम करते त्या बाईंच्या मुलानं आणून माझ्या हातात दिली होती. त्या वहीत मी जे लिहिलं त्याची मला आता लाज वाटते, म्हणून खरं काय झालं ते इथं लिहून ठेवते. हे कुणाला दाखवायचं नाही.

मी गारखेड्यात एका म्हाताऱ्या बाईंकडं कामाला आहे. सकाळी नऊला जाते आणि सहाला पुंडलिकनगरला माझ्या खोलीवर येते. स्वैपाक, कपडे, बाईंच्या गोळ्या, सगळं माझ्याकडंच. बाई तेहतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवत होत्या. एकुलता मुलगा पुण्याला नोकरीला. मागच्या हिवाळ्यात कपाटाच्या किल्ल्या दोन दिवस सापडेनात, त्या निघाल्या ज्वारीच्या पिठाच्या डब्यात. मग एकदा बाईंनी मला एकाच सकाळी तीनदा विचारलं, दूध आलं का. मी मुलाला फोनवर सांगून टाकलं. सांगायला नको होतं का, हे मला अजून कळलेलं नाही.

मुलगा आला, बाईंना डॉक्टरकडं नेऊन आणलं. डॉक्टर म्हणाले, वयानं असेल, नाहीतर विसरण्याच्या आजाराची सुरुवात असेल, थोडे दिवस लक्ष ठेवा. लक्ष कसं ठेवायचं ते मुलानं स्वतःच ठरवलं. मला स्वैपाकघरात गाठून हळूच म्हणाला, "मावशी, तुम्हाला लिहिता येतं ना?"

मी पदर तोंडाला लावला. "चौथीपर्यंत शिकले."

"बास की. हे बघा, टीव्हीवर मी सिनेमे काढून ठेवलेत. जुन्या ग्रीक वीरांचे, हिंदीत बोलणारे. लहानपणी आईनं मला ह्याच गोष्टी सांगितल्यात, तिला तोंडपाठ आहेत. दुपारी एक लावायचा. दुसऱ्या दिवशी विचारायचं, काल काय काय झालं, आणि ती सांगेल ते ह्या वहीत लिहायचं. बरोबर सांगितलं तर बरोबरची खूण, चुकलं तर फुली. आणि तिला कळू द्यायचं नाही."

शेवटचं वाक्य मला खटकलं. पण मी कुणाला उलट बोलत नाही, नव्या माणसापुढं तर आवाजच फुटत नाही. तो पुढं म्हणाला, "फुल्याच जास्त निघाल्या तर घराला कुलूप लावतो आणि तिला पुण्याला एका संस्थेत ठेवतो. तिथं अशा लोकांची सोय असते. महिनाभर बघू."

अशा लोकांची, म्हणाला. बाई तेव्हा बाहेर जास्वंदीची सुकलेली फुलं खुडत होत्या.

पहिला सिनेमा सिंहाचं कातडं पांघरणाऱ्या एका पैलवानाचा होता. त्या वीरांची नावं माझ्या तोंडात बसत नाहीत, म्हणून लिहीत नाही. मला तो सिनेमा पहिल्यापासून खोटा वाटला. माणूस चिखलात लोळतो, राक्षसाशी झुंजतो, रक्त उडतं, आणि पुढच्याच घटकेला अंगावरचं पांढरं कापड कोरं करकरीत. मी दुसऱ्यांचे कपडे धुते, मला कोण फसवणार? पण कपड्याचा संशय आला तसा गोष्टीचा आला नाही. मला वाटलं, एवढा मोठा सिनेमा, गोष्ट तरी खरी असणार. माझी चूक झाली ती इथंच.

सिनेमात त्या पैलवानाची बायको आणि पोरं मारली जातात. दुष्ट राजा माणसं पाठवून मारतो आणि आळ ह्याच्यावर घालतो. दुसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता मी विचारलं, "बाई, काल त्या पैलवानाची पोरं कुणी मारली हो?"

"त्यानंच," बाई म्हणाल्या.

"त्यानंच कशी मारील? राजाच्या माणसांनी मारली की."

"अगं, डोकं फिरलं होतं त्याचं. देवीनं फिरवलं. स्वतःच्या हातानं मारली, आणि शुद्धीवर आल्यावर कळलं. मग ते पाप फेडायला बारा कामं करत हिंडला. ती मेथी जरा नीट निवड, मुळं ठेवतीस."

मी आत जाऊन फुली मारली.

पुढं केसांच्या जागी साप असलेल्या बाईचा सिनेमा झाला. त्यात वीर पंखांच्या घोड्यावर बसून तिला मारायला निघतो. बाई म्हणाल्या, "आधी कुठून आला घोडा? तिची मान कापल्यावर मानेतून निघाला तो." मानेतून घोडा! मला बाईंची कीव आली. फुली. मग सगळ्यात मोठ्या युद्धाचा, मग बैलाचं तोंड असलेल्या राक्षसाचा. त्या राक्षसाला एका भुलभुलैयात कोंडलेलं असतं, आणि राजाची लेक वीराला दोऱ्याचं गुंडं देते, म्हणजे वाट सापडावी. सिनेमात राक्षस मेल्यावर दोघं होडीत बसून निघून जातात. बाई म्हणाल्या, "तो तिला एका बेटावर झोपेत विसरून पुढं गेला. मग आठवलं, तशी होडी वळवली आणि न्यायला आला." तिथंही फुली.

तीन आठवड्यांत अकरा फुल्या झाल्या. बरोबरच्या खुणा चारच. एकदा बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "रोज काय लिहितीस गं वहीत?"

"भाजीची यादी, बाई."

"लई लांब यादी दिसतीय," एवढंच म्हणाल्या.

मग त्याच सिंहाच्या कातडीवाल्याचा दुसरा सिनेमा लागला. नट वेगळा, दाढी वेगळी. आणि ह्यात त्याच्या बायकोला सावत्र भाऊच पळवून नेतो, पोरंबाळं काही नाहीतच. मी टीव्हीकडं बघतच राहिले. एकाच माणसाची गोष्ट अशी दोन तऱ्हेनं कशी? दुसऱ्या दिवशी बाईंना परत तेच विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, डोकं फिरलं, स्वतःच्या हातानं मारली, बारा कामं. शब्दसुद्धा तेच. ह्या वेळी मी फुली मारली नाही.

माझं माहेर सोयगावजवळ एका खेड्यात. तिथं आमच्या भावकीत एक म्हातारा होता, त्याला भूल पडायची. त्याचा बैल कधी त्यानं स्वतः विकलेला असायचा, कधी चोरीला गेलेला, कधी गोठ्यातच. रोज वेगळं. बाईंचं तसं नव्हतं. सिनेमेच रोज वेगळं सांगत होते आणि बाई एकच सांगत होत्या. मग भूल कुणाला पडली?

बाई दुपारी झोपल्या की मी त्यांचं पुस्तकांचं कपाट पुसायला घ्यायची. खालच्या कप्प्यात एक जाड पुठ्ठ्याचं मराठी पुस्तक सापडलं, ग्रीक वीरांच्या गोष्टींचं. पहिली पानं फाटलेली, नाव काही कळलं नाही. जोडाक्षरं आली की मी अडते. ओळीखाली बोट धरून वाचत गेले, चार दुपारी लागल्या. पोरं त्यानंच मारली होती. घोडा मानेतूनच निघाला होता. अकरातल्या नऊ फुल्या माझ्या खोट्या होत्या. एक गोष्ट पुस्तकात नव्हतीच. आणि एक फुली खरी निघाली. दोरा देणारीला वीर बेटावर टाकून गेला तो गेलाच. न्यायला आला, असं पुस्तकात कुठंच नाही.

हे वाचून मी तशीच जमिनीवर बसून राहिले. म्हणजे बाई थोड्या विसरतही होत्या. नाहीतर पुस्तकात चूक होती. माझा आता पुस्तकावरही विश्वास राहिला नव्हता.

शनिवारी मुलगा आला. त्याच्या बॅगेत संस्थेचा अर्ज होता, तो त्यानं टेबलावर काढून ठेवला. बाई आतल्या खोलीत पडल्या होत्या, दार अर्धं उघडं होतं. त्यानं वही उघडली आणि ओठ हलवत फुल्या मोजल्या. "अकरा," म्हणाला. "मला वाटलंच होतं."

तो पेनाचं टोपण काढायला लागला तशी मी पुस्तक आणून त्याच्यापुढं उघडं ठेवलं. तोंडानं बोलणं जमेना, म्हणून बोट ठेवलं. त्यानं वाचलं. मी पान उलटलं, घोड्यावर बोट ठेवलं. त्यानं तेही वाचलं.

"म्हणजे सिनेमावाल्यांनी बदललं?"

"व्हय."

"आणि आई पुस्तकातलं सांगत होती?"

"व्हय दादा. फुल्या माझ्या चुकल्या."

"सगळ्या?"

भुलभुलैयाची गोष्ट पुढं दहाएक पानांवर होती. मी पुस्तक मिटलं. "व्हय," म्हणलं.

त्यानं माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. मग अर्जाची घडी घातली. फाडला नाही, बॅगेतच ठेवला, हे मी बघून ठेवलं. "दिवाळीपर्यंत बघू," म्हणाला, आणि जेवून गाडीला गेला.

मी भांडी घासत होते तेव्हा बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"दोऱ्याच्या गोष्टीचं पान का नाही दाखवलंस गं?"

माझ्या हातातलं पातेलं निसटलं.

"तेहतीस वर्षं परीक्षा घेतल्यात मी. माझी कुणी घ्यायला लागलं तर मला कळत नाही व्हय? तुझी वही मी पहिल्याच आठवड्यात बघितली. अक्षर चांगलंय. पण वेलांट्या चुकतात."

"मग तुमी बोलला का नाही, बाई?"

"माझ्या मुलानं घ्यायला लावली ना? मग म्हणलं, देऊ या." त्या स्टुलावर बसल्या. "ती गोष्ट मला माहीत आहे. तो तिला टाकून गेला. पण माझ्यापुढं पाचवीच्या पोरी असायच्या. एका वर्षी एकीनं विचारलं, बाई, मग तो तिला न्यायला आला का? वर्गात सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मी म्हणलं, आला. तेव्हापासून दरवर्षी येतोय तो."

"म्हणजे तुमी आन् ते सिनेमावाले एकच की!"

बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं. त्या हसत होत्या आणि मी त्यांचा चेहरा बघत होते. हे खरं होतं, की आत्ता स्टुलावर बसल्या बसल्या जुळवलं होतं? शिकवणारी माणसं हुशार असतात, उत्तर नसलं तरी तयार करतात. आणि त्यांना त्या घरात राहायचं होतं. मला हे कसं कळावं?

एकच माणूस सांगू शकत होता, त्यानं ही गोष्ट लहानपणी बाईंच्याच तोंडून ऐकली होती. पण त्याला विचारायचं म्हणजे मी लपवलेलं पान आपणच उघडायचं. दोन दिवस फोन हातात घ्यायची आणि ठेवायची. तिसऱ्या दिवशी गोळ्या आणायचं निमित्त काढून लावला.

"दादा, गोळ्या संपत आल्यात. आणि एक विचारू का? ती दोऱ्याच्या गुंड्याची गोष्ट बाई तुम्हाला सांगायच्या का हो?"

"सांगायची की! माझी आवडती होती."

"तिचा शेवट कसा सांगायच्या?"

 तिकडं मागं कुणीतरी इंग्रजीत बोलत होतं. "शेवट... होडीत बसतात, आणि मग... नाही आठवत बघा, मावशी. का हो?"

"काही नाही. टीव्हीवर लागला होता," म्हणलं आणि फोन ठेवला.

तेव्हापासून मी नऊच्या ऐवजी साडेआठला जाते. दार उघडून आधी स्वैपाकघरात शिरते, गॅसचा वास येत नाही ना ते हुंगते, बटण बघते, खिडकी उघडते, मगच चपला काढते. काल बाई मागं येऊन उभ्या राहिल्या.

"रोज येऊन काय हुंगतीस गं?"

"लसणाचा वास येतोय का बघते, बाई."

"काल लसूण घातलाच नव्हता आपण," त्या म्हणाल्या.

खरंच नव्हता घातला, त्यांना बरोबर आठवत होतं. मला बरं वाटलं, आणि मी चहाचं आधण ठेवलं.