नाहीतर पुन्हा स्पेन

आखातातल्या अल खौदमधल्या आमच्या शुक्रवारच्या वाचनगटात एक गृहस्थ येत; ते दर वेळी एकाच स्पॅनिश कादंबरीबद्दल बोलत. ती पकाऊ माणसांवर होती. प्रसंग सांगण्याआधीच ते हसत आणि मला म्हणत, "अशी माणसं असतात हो, काका."

कंटाळून आम्ही त्यांना वगळून वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. एकदा माझा निरोप चुकून जुन्याच ग्रुपवर गेला: "लवकर या, ते यायच्या आत सुरू करू. नाहीतर पुन्हा स्पेन."

लगेच त्यांचं उत्तर आलं, "मला सर्दी झालीय, आज येत नाही. तुम्ही निवांत बसा."

सगळे अजून म्हणतात, त्यांना सर्दी होती. नव्हती. मी बाल्कनीत होतो. ते खाली पार्किंगमध्ये उभे राहून, आमच्यासाठी आणलेला डबा काखेत धरून, ते उत्तर टाइप करत होते. मी हाक मारली असती, तर त्यांना ऐकू गेली असती.