दार आत्याच उघडणार

“ताई, बाईंनी आज दार उघडलं न्हाई... मी किल्ली लावली.” आत्याला सांभाळणाऱ्या मंदाबाईचा परभणीहून सकाळी फोन आला, तो एवढाच. माझी वत्सलाआत्या झोपेतच गेली होती, स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावर. तिला हवं होतं अगदी तसंच. काही आठवडे झाले, पण ते वाक्य अजून कानातून जात नाही.

आत्यानं जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, एकटी राहिली आणि दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी कधी प्यायली नाही. न्हाणीत पाय घसरून खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी तिला पुण्याला न्यायचं ठरवून आले. ती म्हणाली, “तुझ्याकडं मी पाहुणी. पाहुण्याला कुणी कपसुद्धा विसळू देत नाही. मी इथंच राहणार.” आणि वॉकर धरून उभं राहता येताच तिनं सांभाळायला बाई शोधायला घेतली... मुलीला स्थळं बघावीत तशी. येणाऱ्या प्रत्येकीला चहा, पोहे आणि बारीक चौकशी. एका संस्थेकडून आलेली मुलगी मला फार पसंत होती. स्वच्छ गणवेश, गोड बोलणं, बीपी मोजण्यात तरबेज. तिनं आल्या आल्या आत्याच्या हातातली बशी काढून घेतली आणि आजी, आता तुम्ही काही म्हणजे काही करायचं नाही, असं सांगितलं. आत्यानं तिला मानानं निरोप दिला. माझा चेहरा पडलेला बघून म्हणाली, अशा मायेनं माणूस लवकर अंथरुणाला खिळतं.

मग जवळच्या पिंगळी गावची मंदाबाई आली. ऊसतोडीनं राठ झालेले हात, बोलणं कमी. अंथरुणावरच्या सासूचं तिनं शेवटपर्यंत केलं होतं. पोहे संपवून तिनं विचारलं, “बाई, तुमाला अजून काय काय करता येतंय, ते सांगा. ऱ्हायलेलं मी करते.” आत्या खूश. तरी होकार लगेच दिला नाही हं! पिंगळीत राहणाऱ्या एका जुन्या विद्यार्थिनीला फोन करून, सासूच्या पाठीला पडून पडून कधी जखमा झाल्या होत्या का, हे काढून घेतलं, मगच स्थळ पक्कं झालं. मंदाबाई रात्री घरी जायची, म्हणून पलंगाजवळ कळ बसवली. ती दाबली की घंटी शेजाऱ्यांच्या घरात वाजे. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, आमच्याकडं सगळं गाव शेतात पूजेला नि जेवायला जातं, तेव्हा मंदाबाईलाही सुट्टी हवी, म्हणून शेजारच्या सुनेशी आधीच बोलून ठेवलं. परीक्षेचं वेळापत्रक लावणारी बाई ती, आपलं म्हातारपण तरी ढिसाळ कसं ठेवील?

दाराला बाहेरून उघडणारं लॅच होतं, त्याची एक किल्ली मंदाबाईकडे असायची. एकदा मी सकाळच्या गाडीनं उतरून घरी पोचले, तर ही बाहेर निवांत उभी. आत वॉकरची टकटक, मध्येच थांबणारी... मला राग आला. किल्ली असून म्हातारीला चालायला लावतेस, असं मी तिला बोललेही. ती जागची हलली नाही. “बाई यायल्यात की. थांबा जरा.” दार उघडलं तेव्हा आत्याला धाप लागली होती आणि चेहऱ्यावर कोण तोरा! मला म्हणाली, “ही अट माझी आहे. ज्या दिवशी मंदा किल्ली लावील, त्या दिवशी मला न्यायला ये.” त्यानंतर पुण्याचं नाव मी काढलं नाही. दर सकाळी मंदाबाई थांबत राहिली आणि आत्या दार उघडत राहिली. इतकं अभिमानाचं म्हातारपण मी दुसरं पाहिलेलं नाही. माझं आलं की मला तिच्यासारखं जमावं, एवढंच वाटतं.

दिवसकार्य उरकल्यावर मी घर आवरायला मागे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. माझे हात भांड्यांत होते. मी आतूनच म्हटलं, मंदाबाई, किल्ली आहे ना तुझ्याकडं?

“हाय की, ताई,” ती बाहेरून म्हणाली.

पण किल्ली काही फिरली नाही. आत्याचा वॉकर भिंतीला टेकून उभा होता, बाहेर मंदाबाई. मी हात पुसले आणि दार उघडायला गेले.