टायमरसुद्धा झोपला होता

ब्रिस्टलकर आणि बाकी मंडळींनो, आज ऑफिसात मी एक वाद जिंकला. तो सांगितल्याशिवाय जेवण जाणार नाही.

आम्ही वयस्कर लोकांना गोळ्यांची आठवण करून देणारी छोटी डबी बनवतोय. आतल्या चिपमध्ये दोन टायमर आहेत. एक अतिशय अचूक, पण बॅटरी वाचवायला चिप झोपली की तोही बंद पडतो. दुसरा थोडा ढोबळ, पण कायम जागा. डबीच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये डिफॉल्ट म्हणून कुठला ठेवायचा, हे आज ठरणार होतं.

आमचा टीम लीड मार्क म्हणाला, "अचूकच ठेवू. ज्याला नको असेल तो सेटिंग बदलेल."

मी म्हटलं, "गोळी दोन सेकंद उशिरा घेतली तर चालेल, पण डबी वाजायला तर हवी. करून बघू या."

दोन डब्यांत दोन वेगळे टायमर निवडले, अलार्म एकाच वेळेचा लावला आणि चहा घ्यायला गेलो. परत आलो तर एक डबी मजेत वाजत होती. दुसरी गप्प.

इथेच जन्मलेली आमची ज्युनियर आरोही ती कानाला लावून मला मराठीत म्हणाली, "ताई, टायमर पण झोपली वाटतं." मी मार्कला ते इंग्रजीत सांगितलं. तो खूप हसला आणि डिफॉल्ट त्यानेच बदललं.

सेटिंग उघडतं कोण हो? माझ्या आईने फोनची रिंगटोनसुद्धा कधी बदललेली नाही. तिच्यासारख्यांना आम्ही देऊ तेच कायमचं.

तुमच्या घरात असं काय आहे, जे आणलं तसंच अजून चालू आहे?